व्हेनिसची पायी फेरी आणि 'घेट्टो' शब्दाचे गाव

'घेट्टो' हा शब्द आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना नवा नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गावाबाहेर ठेवलेल्या अस्पृश्यांच्या वस्तीसाठी हाच शब्द वापरला आहे. सभा-परिषदांत वक्ते तो वापरतात, आपण ऐकतो आणि मान डोलावतो. परंतु हा शब्द मुळात एका जागेचे नाव आहे, ती जागा आजही आहे आणि तेथे पायी चालत जाता येते, हे किती जणांना ठाऊक असेल? ती जागा इटली देशातील व्हेनिस या शहरात आहे. आमचा पुतण्या शिष्यवृत्ती मिळवून पदुआ येथील विद्यापीठात शिकतो. त्याच्या आग्रहाने आम्ही आणि आमच्या सौ. तिकडे जाऊन आलो. पदुआहून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. तेव्हा त्या एका दिवसाच्या पायी फेरीची हकीकत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

व्हेनिस हे समुद्राच्या उथळ खाडीत शंभराहून अधिक लहान लहान बेटांवर वसलेले शहर आहे. गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते तेव्हा दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. हा रेल्वेपूल १८४६ सालचा. त्यापूर्वी शहरात जायचे तर होडीशिवाय मार्ग नव्हता. स्टेशनच्या पायऱ्या उतरलो की समोर रस्ता नाही, मोठा कालवा! जुन्या शहरात मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. रुग्णवाहिका म्हणजे होडी, अग्निशामक दल म्हणजे होडी, आणि माणसाची अंत्ययात्राही होडीतून. बाकी सारे पायी. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. सौ. म्हणाल्या, "गुडघेदुखीच्या माणसाने इथे येऊच नये." पण दिवसभर त्याच सर्वांच्या पुढे होत्या.

सकाळच्या वेळी आमचे लक्ष वेधून घेतले ते सफाई कामगारांनी. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल महापालिकेच्या सफाई खात्यावर पेटली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. हे कामगार दारोदार जाऊन कचऱ्याच्या पिशव्या घेतात, हातगाडीत भरतात आणि गाडी कालव्याच्या काठी नेतात. तेथे उभ्या असलेल्या होडीवरील यंत्र ती गाडी उचलून पोटात रिकामी करून घेते. कामगारांच्या अंगावर गणवेश, हातात मोजे. कचरा वेगळा करून बांधून देणे हे घरच्या माणसाचे काम. दोन कामगार हातगाडी बाजूला लावून कॉफी प्यायला दुकानात शिरले आणि इतर गिऱ्हाइकांच्या शेजारी उभे राहून कॉफी प्याले. कोणी सरकून उभे राहिले नाही. आम्ही ते थोडा वेळ पाहत राहिलो.

स्टेशनपासून गल्ल्यागल्ल्यांनी चालत रिआल्टो या पेठेत गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. भिंतींवर 'रिआल्टोकडे', 'सान मार्कोकडे' असे बाण दाखविणारे फलक आहेत, म्हणून माणूस चुकत नाही. रिआल्टोचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळात बांधला. एकाच कमानीचा आहे आणि त्याच्या अंगावर दुकाने आहेत. एके काळी युरोपातील मिरीचा व्यापार या पेठेच्या मुठीत होता. ती मिरी येत होती आपल्या मलबार किनाऱ्यावरून, अरब व्यापाऱ्यांच्या हातून. वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला ही बातमी काही वर्षांनी येथे आली, तेव्हा या पेठेतील व्यापाऱ्यांची झोप उडाली.

बी.कॉम. झालेल्या माणसाला या पेठेत आणखी एक गोष्ट आठवते. डाव्या बाजूला नावे, उजव्या बाजूला जमा, ही जी द्विनोंदी पद्धत आम्ही कॉलेजात घोकली आणि पुढे आयुष्यभर कचेरीत वापरली, तिची पहिली छापील मांडणी लुका पाचोली या धर्मगुरू-गणितज्ञाने केली. त्याचा ग्रंथ १४९४ साली याच व्हेनिस शहरात छापला गेला. पद्धत त्याने शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीत होते, त्याने ती लिहून काढली. हे शहर वह्या लिहिण्यात पटाईत होते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रिआल्टोहून दुकानांच्या गल्लीने सान मार्को चौकात आलो. हा चौक सर्वांनी चित्रात, सिनेमात पाहिलेला असतो. सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेले चर्च, त्यावरील चार घोडे आणि उंच घंटाघर. १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटून हे घोडे आणले. आता बाहेर दिसतात त्या नकला असून अस्सल घोडे आत जपून ठेवले आहेत. घंटाघर १४ जुलै १९०२ रोजी कोसळले आणि १९१२ पर्यंत होते तसे, होते तेथेच पुन्हा उभारले. त्यातील सर्वांत मोठ्या घंटेचे नाव मारांगोना, म्हणजे सुतारांची घंटा. सरकारी जहाज कारखान्यातील कामगार तिच्या ठोक्यावर कामाला जात आणि कामावरून सुटत. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरात दिवस उगवला आणि मावळला त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

चर्चशेजारी राजवाडा आहे. तो राजाचा नव्हे, कारण व्हेनिस हे प्रजासत्ताक होते. परंतु प्रजासत्ताक या शब्दाने फसू नये. १२९७ साली तेथील महासभेचे दार बंद करण्यात आले. ज्यांचे बापजादे सभासद होते त्यांनाच पुढे सभासदत्व! १५०६ पासून सरदार घराण्यांत जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवण्याची सरकारी वही सुरू झाली. तिला 'सोनेरी वही' म्हणत. त्या वहीत नाव असेल तर राज्यकारभारात वाटा, नसेल तर कितीही शहाणा असलास तरी बाहेर. पुतण्या हळूच म्हणाला, "काका, जन्मावरून पात्रता ठरवायला ह्यांनाही धर्मशास्त्र लागलं नाही, वही पुरली." पोरगा शास्त्र शाखेचा आहे, पण बोलतो नेमके.

याच राजवाड्यात २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने एक ठराव केला. १५०९ च्या लढाईत हार झाल्यावर मुख्य भूमीवरील ज्यू लोक जीव वाचविण्यासाठी शहरात आश्रयाला आले होते. सरकारला त्यांच्याकडून कर आणि कर्ज हवे होते. गरिबांना गहाणावर पैसे देणारेही तेच होते. इकडे धर्मोपदेशक ओरडत होते की यांना हाकलून द्या. मग सरकारने मधला मार्ग काढला. पैसा घ्यायचा, पण माणसे एका बेटावर कोंडायची. त्या बेटावर पूर्वी तांब्याचा ओतकाम कारखाना होता. ओतकामाच्या जागेला तेथील बोलीत 'गेतो' म्हणत. त्यावरून वस्तीचे नाव पडले घेट्टो. जगातील सगळ्या घेट्टोंना नाव मिळाले ते असे.

दुपारी चौकातील सार्वजनिक नळाचे पाणी प्यालो. ते फुकट आणि स्वच्छ असते, आणि कोणीही पिऊ शकतो. सौ.नी बरोबर आणलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी एका लहान चौकाच्या कोपऱ्यात खाल्ली आणि उलट पावली स्टेशनच्या बाजूला निघालो. कान्नारेज्यो नावाच्या भागात कालव्याच्या काठाकाठाने जाताना घरांच्या रांगेत एक ठेंगणे, अंधारे बोळकांडे लागते. त्याला दरवाजा नाही. पण पुतण्याने दगडी चौकटीवर बोट ठेवून दाखविले. दगडात भोके आहेत. दरवाजाच्या बिजागऱ्या जेथे बसविल्या होत्या त्याच्या या खुणा.

हा दरवाजा रात्री बंद होई आणि सकाळी मारांगोना घंटा वाजली की उघडे. सान मार्कोच्या घंटाघरातील जी सुतारांची घंटा आम्ही सांगितली, तीच कामगाराला कामावर बोलावी आणि ज्यूला कोंडवाड्यातून बाहेर सोडी. दरवाजावर ख्रिस्ती पहारेकरी असत. त्यांचा पगार कोणी द्यायचा? कोंडलेल्या ज्यूंनी! भोवतालच्या कालव्यातून रात्री गस्तीच्या होड्या फिरत. त्यांचा खर्चही ज्यूंनीच द्यायचा. घरे ज्यूंच्या मालकीची नव्हती. पूर्वीचे भाडेकरू देत होते त्यापेक्षा एक तृतीयांश जास्त भाडे त्यांच्याकडून घ्यावे असे ठरावातच होते. बाहेर दिवसा फिरताना ओळखू यावे म्हणून आधी पिवळे चिन्ह, नंतर पिवळी टोपी, पुढे लाल. धंदे ठरलेले : गहाणवट, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी. गहाणवटीवरील व्याजाचा दर सरकार ठरवून देई. आम्ही कारकून माणूस, हे सारे ऐकताना डोळ्यांपुढे वही येत होती. भाडे अमुक, पहारा तमुक, टोपी पिवळी, व्याज इतके. माणसाचा अपमान किती नीटनेटक्या अक्षरात लिहिता येतो!

बोळकांड्यातून आत गेल्यावर भिंतीत १७०४ सालची एक दगडी पाटी आहे. जो ज्यू ख्रिस्ती झाला असेल त्याने घेट्टोत पाऊल टाकू नये, ज्यूंच्या घरी जाऊ नये, गेल्यास दोर, तुरुंग, जहाजावरची वल्हेमजुरी, फटके अशा शिक्षा होतील, असा हुकूम तीवर कोरला आहे. चुगली करणाऱ्याला बक्षीसही सांगितले आहे. म्हणजे धर्म बदलला की आईच्या घराचा उंबरासुद्धा बंद. सौ. त्या पाटीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. १९५६ नंतर ज्या घरांनी नातेगोते, देवघर, सण सगळे नव्याने मांडले, त्या घरांतील बाईला ती पाटी भाषा न येताही कळते.

पुढे पूल ओलांडला की घेट्टोचा मुख्य चौक येतो. येथे माणूस मान वर करतो. शहरात इतरत्र घरे तीन-चार मजली, येथे सात-आठ मजली! वस्ती वाढत गेली, बेट वाढत नव्हते. १५४१ आणि १६३३ साली थोडी जागा वाढवून दिली, ती पुरली नाही. मग मजल्यावर मजले चढविले. उंची कमी ठेवली म्हणून छत इतके खाली की कित्येक खोल्यांत उंच माणसाचे डोके टेकावे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पोटमाळा घालून दोन संसार करणारे आपण. ही रचना आपल्याला नकाशा काढून दाखवावी लागत नाही.

याच दाटीत त्यांनी प्रार्थनास्थळे उभी केली. बाहेरून ती ओळखू येत नाहीत. वरच्या मजल्यावर पाच खिडक्या ओळीने दिसल्या की समजायचे. पहिले १५२८ सालचे, नंतर आणखी चार. त्यांना 'स्कोला' म्हणतात, म्हणजे शाळा! कारागिरांच्या मंडळांनाही व्हेनिसमध्ये तोच शब्द होता हे खरे, पण या वस्तीला तो शोभून दिसतो. ज्यूंना स्वतःच्या नावाने छापखाना चालविण्याची परवानगी नव्हती. तेव्हा दानिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाबरोबर काम करून ज्यू पंडितांनी १५२० ते १५२३ या काळात आपला तालमूद हा ग्रंथराज संपूर्ण छापून घेतला. तीस वर्षांनी, १५५३ साली, त्याच ग्रंथाच्या प्रती सान मार्को चौकात जाळण्यात आल्या. छापणारे थांबले नाहीत, शिकणारेही थांबले नाहीत. वैद्यकीची पदवी घ्यायला घेट्टोतील मुले जात ती पदुआ विद्यापीठात, जेथे आज आमचा पुतण्या शिकतो. पदवी घेऊन आलेला ज्यू वैद्य मात्र रात्री दरवाजाबाहेर जाऊ शके, कारण आजारी पडलेल्या सरदारालाही त्याची गरज लागे. शिक्षणाने दरवाजा उघडतो याचे इतके सरळ उदाहरण आम्ही दुसरे पाहिले नाही. फक्त तो एकट्यापुरताच उघडत होता, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांसाठी दरवाजा उघडला तो १७९७ साली. नेपोलियनच्या फौजांनी व्हेनिसचे राज्य बुडविले आणि जुलै महिन्यात घेट्टोचे दरवाजे उखडून चौकात त्यांची होळी केली. ज्यू आणि ख्रिस्ती एकत्र नाचले. वस्तीचे नावही बदलले. घेट्टो पुसून 'एकतेची आळी' असे नाव ठेवले.

वाचकहो, येथे आम्ही थबकलो. आपल्याकडेही महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशी नावे लागू लागली. आम्ही त्या निर्णयाचे स्वागतच केले होते आणि आजही करतो. ज्या मुलाला शाळेच्या दाखल्यावर, पत्रावर पत्ता लिहिताना हात आखडता घ्यावा लागला, त्यालाच त्याची किंमत माहीत. पण व्हेनिसचा पुढचा इतिहासही वाचला पाहिजे. 'एकतेची आळी' हे नाव टिकले नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाचे राज्य आले आणि काही बंधने परतली. १८४८ च्या क्रांतीत समान हक्क जाहीर झाले, क्रांती मोडली. पूर्ण समान नागरिकत्व मिळायला १८६६ साल उजाडले. दरवाजा जाळायला एक दिवस लागला होता, त्यानंतर कायद्याने माणूस ठरायला जवळजवळ सत्तर वर्षे!

आणि तेही कायमचे नव्हते. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले. ज्यू मुले सरकारी शाळेतून काढली, शिक्षक व नोकरदार कामावरून काढले. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन फौजा आल्या. त्या वेळी ज्यू समाजाचे अध्यक्ष होते ज्युसेप्पे योना नावाचे वृद्ध डॉक्टर. समाजातील माणसांची यादी त्यांच्याजवळ होती. ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती नष्ट केली आणि १७ सप्टेंबर १९४३ रोजी स्वतःचे जीवन संपविले. शेवटी ज्या वहीवर माणसांचे प्राण अवलंबून होते ती वही एका माणसाने जाळली. तरीही त्या डिसेंबरपासून पुढील वर्षापर्यंत सुमारे २५० ज्यूंना व्हेनिसमधून मृत्यूछावण्यांकडे नेले. त्यात वृद्धाश्रमातील म्हातारी माणसेही होती. तो वृद्धाश्रम याच चौकात होता. शेजारच्या भिंतीवर ब्राँझचे सात पट लावले आहेत, त्यात तो सारा प्रसंग कोरला आहे. गल्ल्यांतून चालताना काही घरांसमोर फरशीत बसविलेले लहान पितळी चौकोन दिसतात. त्यावर त्या घरातून नेलेल्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि शेवट. वाचायला वाकावे लागते.

साम्य पाहताना फरक विसरू नये. घेट्टोतील ज्यूला दिवसा बाजारात जाता येत होते, गिऱ्हाईक त्याच्या दुकानात येऊन बसत होते. त्याच्या सावलीचा विटाळ नव्हता. त्याचा कोंडवाडा एका ठरावाने झाला, म्हणून त्याची तारीख सांगता येते. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीची तारीख कोणी सांगू शकत नाही. दरवाजा नव्हता, बिजागरी नव्हती, पहारेकरी नव्हता, तरी आमची आजी विहिरीपासून दूर घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून उन्हात उभी राही. त्या उभे राहण्याची भोके कोणत्या दगडात आहेत?

हाच प्रश्न घेऊन आम्ही परत आलो. व्हेनिसच्या माणसांनी नाव बदलले, दरवाजा जाळला, पण चौकटीवरील भोके बुजवली नाहीत, १७०४ ची पाटी उखडून फेकली नाही. म्हणून ५०० वर्षांनंतरही शाळेची मुले तेथे रांगेने येतात आणि बोट घालून पाहतात. आम्ही होतो तेव्हाही एक वर्ग आला होता. बाई सांगत होत्या, मुले गप्प होती.

आपल्या वस्तीची नावे बदलावीत, जरूर बदलावीत. परंतु बदलण्यापूर्वी लिहून ठेवावे. एक दोनशेपानी वही आणा. घरातील सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि विचारा : वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती? पाणी कोठून आणीत? पहिला नळ कोणत्या साली आला? शाळेत कोठे बसवीत? गाव सोडून मुंबईला पहिले कोण आले, कोणत्या चाळीत उतरले, कोणत्या गिरणीत लागले? उत्तर जसे मिळेल तसे, त्यांच्याच बोलीत लिहा. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. हे काम घरातील आठवी-नववीच्या मुलीला द्या, ती मोठ्या माणसांपेक्षा चांगले करील. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसतो तेव्हा एखाद्या रविवारी या वह्या वाचून दाखवा. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नका.

जयभीम.